सरकी, नांदेड-४४ आणि वीस हजार थेंब

परभणी जिल्ह्यात राहून सरकीशी कधी संबंधच आला नाही असा माणूस विरळा. मानवत, सेलूच्या जिनिंगमध्ये कापसातून रुई वेगळी निघते आणि मागे उरते ती सरकी. ती तेलाच्या गिरणीत जाते, पेंड म्हशीच्या पुढ्यात येते आणि तेल कुणाच्या ना कुणाच्या कढईत. आता त्या ढिगातून मूठभर सरकी उचला आणि सांगा बघू, यातल्या किती दाण्यांत जिवाणूचा जनुक आहे? बघून सांगता येत नाही, चावून नाही, वासावरून तर नाहीच. दाणा दाण्यासारखाच.

"त्यात काय, सगळ्यात असणार! बीटीशिवाय कापूस उरलाय कुठे?" असं कुणीही म्हणेल. तर मंडळी, हे उत्तर बरोबर नाही. का नाही, ते पुढे येईलच. आत्ता एवढंच लक्षात ठेवू की इथे प्रश्न एक नाही, तीन आहेत. "आहे का?" हा पहिला. आमच्या धंद्यात याला बूलियन म्हणतात, हो किंवा नाही. "किती आहे?" हा दुसरा, त्याला आकडा लागतो. आणि "कुणाचा आहे?" हा तिसरा, सगळ्यात अवघड आणि सगळ्यात भांडणाचा. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या एका कापसाच्या वाणाला हे तिन्ही प्रश्न वेळेवर न विचारले गेल्याची किंमत मोजावी लागली. आज त्या वाणाची गोष्ट, आणि सोबत ती मोजणी करणाऱ्या यंत्राची. थोडं गणित आहे, पण घाबरू नका, आठवी-नववीच्या पलीकडचं नाही. (बरं, एक लॉगॅरिदम आहे. तेवढं चालवून घ्या.)

नांदेड-४४

मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीला स्थापन झालं १९७२ साली. २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. या विद्यापीठाचं कापूस संशोधन केंद्र नांदेडला आहे आणि तिथे १९८० च्या दशकात एनएचएच-४४ हा संकरित वाण तयार झाला. शेतकऱ्यांच्या तोंडी तो झाला 'नांदेड-४४'. रसशोषक किडींना बऱ्यापैकी दाद न देणारा, पाण्याचा ताण सोसणारा, आणि पहिलं पीक हातचं गेलं तरी पुन्हा फुटून येणारा. कोरडवाहू काळ्या रानात शेती करणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं असतं? परभणी-नांदेडच नव्हे, विदर्भातसुद्धा हा वाण घरोघरी पोचला. सरकारी विद्यापीठाचा वाण खाजगी कंपन्यांच्या वाणांना वर्षानुवर्षं टक्कर देतो, हे चित्र आज स्वप्नवत वाटेल, पण ते खरं होतं.

त्याला एकच शत्रू नीट भेटला होता, बोंडअळी. बोंडअळीला कुठलाच वाण अपवाद नव्हता म्हणा. फवारे मारून मारून शेतकरी कर्जात जात होता.

आणि मग शेजारच्याच जिल्ह्यातून उत्तर आलं. परभणीच्या वायव्येला जालना. तिथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली होती. महिकोने अमेरिकेच्या मोनसँटोबरोबर हातमिळवणी करून मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा एक जनुक आपल्या वाणांत आणला. या जिवाणूच्या नावाची आद्याक्षरं म्हणजेच आपलं 'बीटी'. जनुकाचं नाव क्राय-१-एसी. तो झाडात असला की झाड स्वतःच एक प्रथिन बनवतं आणि ते पोटात गेलं की अळी मरते. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुक अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या तीन बीटी वाणांना परवानगी दिली. जीएम पिकाला भारतात मिळालेली ही पहिली परवानगी.

पण गंमत अशी की परवानगीच्या आधीच बीटी कापूस शेतात उभा होता! २००१ मध्ये गुजरातेत बोंडअळीने धुमाकूळ घातला तेव्हा 'नवभारत-१५१' नावाचा एक वाण मात्र हिरवागार राहिला. तपासणी केल्यावर त्यात क्राय-१-एसी निघाला. म्हणजे भारतातल्या जीएमच्या इतिहासाची सुरुवातच मुळी "यात तो जनुक आहे का?" या तपासणीने झाली.

त्या काळात यासाठी दोन साधनं होती. एक म्हणजे पट्टी. पानाचा तुकडा द्रावणात चुरडायचा, पट्टी बुडवायची, रेघ उमटली की प्रथिन आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने अशी स्वस्त देशी पट्टी बनवली, कारण बाजारात बनावट बीटी बियाण्यांचा सुळसुळाट झाला होता. पट्टी शेताच्या बांधावर चालते, पण ती प्रथिन ओळखते. तळलेल्या, शिजवलेल्या पदार्थात प्रथिनाची घडी मोडते आणि पट्टी गप्प बसते. शिवाय प्रथिन कुणाच्या जनुकातून आलं, हे तिला कळत नाही. त्यासाठी डीएनएपर्यंत जावं लागतं, आणि तिथे येतो पीसीआर.

एकाचे दोन, दोनाचे चार

पीसीआर म्हणजे पॉलिमरेझ चेन रिअ‍ॅक्शन. कोविडने हा शब्द घराघरात पोचवला, त्यामुळे फार ओळख करून द्यायला नको. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात सीटस नावाच्या कंपनीत काम करणाऱ्या कॅरी म्युलिसला रात्री गाडी चालवताना ही कल्पना सुचली आणि दहा वर्षांनी, १९९३ मध्ये तिला नोबेल मिळालं.

कल्पना अगदी आपल्या लूपसारखी आहे. डीएनएच्या दोन पट्ट्या उष्णतेने सुट्या करा. थंड करा. ज्या तुकड्यात तुम्हाला रस आहे त्याच्या दोन टोकांना चिकटणारे छोटे डीएनए तुकडे आधीच टाकून ठेवलेले असतात, त्यांना म्हणतात प्रायमर. प्रायमर चिकटले की एक विकर तिथून पुढे नक्कल लिहीत जातं. एका फेरीत एकाचे दोन. पुन्हा तापवा, पुन्हा थंड करा, दोनाचे चार. तीस फेऱ्या झाल्या की एका रेणूचे १०७ कोटींहून जास्त होतात. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट, तीच.

यात सगळी मेख प्रायमरमध्ये आहे. प्रायमर म्हणजे तुम्ही विचारलेला प्रश्न. तुम्ही ज्या तुकड्याचा प्रायमर टाकाल तोच तुकडा वाढेल. बाकी डीएनए शेजारी कितीही असू दे, तो दिसणार नाही. डेटाबेसला जी क्वेरी टाकाल त्याचंच उत्तर येतं, तसं.

आणि प्रश्नही तऱ्हेतऱ्हेचे असतात. पुष्कळ जीएम पिकांत फुलकोबीच्या एका विषाणूचा '३५-एस' नावाचा स्विच वापरलेला असतो. त्याचा प्रायमर टाकला की "काहीतरी जीएम आहे का?" एवढं कळतं. (अर्थात त्या विषाणूची लागण झालेली खरीखुरी फुलकोबी नमुन्यात असेल तरी उत्तर 'हो' येतं!) क्राय-१-एसीचा प्रायमर टाकला तर "बीटीचा जनुक आहे का?" कळतं. पण नेमकं कुणाचं हे शोधायचं तर आणखी बारीक प्रश्न हवा. प्रयोगशाळेत बाहेरचा जनुक झाडाच्या गुणसूत्रात एका विशिष्ट जागी जाऊन बसतो. या एकदाच घडलेल्या बसण्याला म्हणतात 'इव्हेंट'. मोनसँटोच्या पहिल्या बीटी कापसाचा इव्हेंट 'मॉन-५३१'. बाहेरचा जनुक आणि कापसाचा स्वतःचा डीएनए जिथे जोडले गेले तो सांधा प्रत्येक इव्हेंटमध्ये वेगळा. सांध्यावर प्रायमर टाकला की जणू हाताचा ठसाच मिळाला.

सरकारी बीटी

आता परत नांदेड-४४ कडे. २००२ नंतर खाजगी बीटी वाणांनी बाजार काबीज केला. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला १,६०० रुपयांच्या आसपास मोजावे लागत, २००६ मध्ये सरकारांनी दबाव आणल्यावर ते साडेसातशेवर आलं. नांदेड-४४ कितीही काटक असला तरी बीटी नसल्यामुळे मागे पडत गेला.

यावर उपाय म्हणून सरकारी संस्था एकत्र आल्या. नागपूरची कापूस संशोधन संस्था, धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ आणि दिल्लीचं वनस्पती जैवतंत्रज्ञान केंद्र. त्यांनी 'बिकानेरी नरमा' या जुन्या सरळ वाणात आपला स्वतःचा क्राय-१-एसी बसवल्याचं जाहीर केलं आणि इव्हेंटला नाव दिलं 'बीएनएलए-१०६'. नांदेड-४४ ची मादी बिकानेरी नरमा कुळातलीच असल्यामुळे त्यातून नांदेड-४४ चं बीटी रूपही तयार झालं. २००८ मध्ये बिकानेरी नरमा बीटीला आणि २००९ मध्ये बीटी नांदेड-४४ ला मान्यता मिळाली.

याचा अर्थ नीट समजून घ्या. बिकानेरी नरमा बीटी हा सरळ वाण होता, म्हणजे शेतकऱ्याला घरचं बियाणं पुढच्या वर्षी पेरता येणार होतं. आणि नांदेड-४४ तर आपला, ओळखीचा. पाकिटाच्या चक्रातून सुटायची ही खरीखुरी संधी होती. कापसाच्या पट्ट्यात ज्या वर्षांत आत्महत्यांच्या बातम्या रोजच्या झाल्या होत्या, त्याच वर्षांत.

आणि मग कुणीतरी तिसरा प्रश्न विचारला. कुणाचा? बियाण्यावर मॉन-५३१ च्या सांध्याचा प्रायमर टाकला गेला आणि उत्तर आलं, 'हो'. सरकारी म्हणून विकलेल्या बियाण्यात मोनसँटोचा इव्हेंट! एका हंगामानंतर बियाणं थांबवण्यात आलं, २०११-१२ च्या हिवाळ्यात प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं आणि सरकारने सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीच्या २०१२ च्या अहवालाने मॉन-५३१ ची उपस्थिती मान्य केली आणि स्वतंत्र देशी इव्हेंटच्या दाव्यावरच प्रश्नचिन्ह लावलं.

इथे 'किती' या प्रश्नाचं महत्त्व कळतं. आधी बचाव असा होता की शेजारच्या शेतातून परागकण आले असतील, पोती मिसळली असतील, म्हणजे भेसळ झाली. भेसळ असेल तर शंभरातल्या काही दाण्यांत मॉन-५३१ सापडेल आणि बाकीच्यांत देशी इव्हेंट. पण जवळजवळ प्रत्येक दाण्यात मॉन-५३१ असेल आणि देशी इव्हेंटचा पत्ताच नसेल, तर ती भेसळ नव्हे, तो उगम झाला. दोन्ही ठिकाणी साध्या पीसीआरचं उत्तर एकच, 'हो'. फरक फक्त आकड्यात आहे, आणि त्या आकड्यावर एका अख्ख्या सरकारी प्रकल्पाची इभ्रत टांगलेली.

विशेष म्हणजे मॉन-५३१ वर मोनसँटोचं भारतात पेटंट नव्हतं. प्रश्न चोरीच्या खटल्यापेक्षा विश्वासाचा होता. बियाणं बाजारात सोडण्याआधी त्याच प्रयोगशाळेत, त्याच यंत्रावर, एक जास्तीचा प्रायमर टाकून हे कळलं असतं. काही तासांचं काम. हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही आणि नांदेड-४४ च्या हातून सगळ्यात मोलाची वर्षं निघून गेली. पुढे महाबीजच्या साथीने त्याचं बीजी-२ रूप आलं, पण तोवर शेतकऱ्याच्या मनातली जागा दुसऱ्यांनी घेतली होती.

कटोऱ्या आणि ज्वारी

मग "किती?" मोजायचं कसं? साध्या पीसीआरमध्ये शेवटी फक्त ढीग दिसतो. दहा रेणूंपासून सुरुवात केली की हजारांपासून, तीस-चाळीस फेऱ्यांनंतर दोन्ही ढीग सारखेच. १९९० च्या दशकात यावर उपाय निघाला तो रिअल-टाइम पीसीआर. फेरी चालू असतानाच चमक मोजत राहायची. जितक्या लवकर चमक दिसेल तितके सुरुवातीचे रेणू जास्त. हे छान चालतं, पण तुलनेला माहीत असलेल्या प्रमाणाचा नमुना सोबत लागतो, शिवाय दुप्पट होण्याचा वेग मंदावला की हिशोब चुकतो. आणि अन्नात वेग मंदावणाऱ्या गोष्टी भरपूर असतात. मसाले, चॉकलेट, आणि हो, आपली सरकीसुद्धा.

डिजिटल पीसीआर हा याच्या पुढचा टप्पा, आणि मला विचाराल तर यातली कल्पना आपल्या क्षेत्रातल्या माणसाने सुचवावी अशी आहे. अ‍ॅनालॉग ढीग मोजू नका, शून्य आणि एक मोजा!

समजा तुमच्याकडे ज्वारीचे काही दाणे आहेत (परभणीची आहे म्हटल्यावर परभणी मोतीच घ्या) आणि शंभर कटोऱ्या. दाणे डोळे मिटून फेका. मग दाणे मोजायचे नाहीत, फक्त रिकाम्या कटोऱ्या मोजायच्या. १०० पैकी ३७ रिकाम्या निघाल्या, तर फेकलेले दाणे किती? उत्तर आहे सुमारे १००. कारण काही कटोऱ्यांत एक पडला असेल, काहींत दोन, काहींत तीन. पण रिकाम्यांचं प्रमाण सरासरी बरोबर सांगतं. हे गणित फ्रेंच गणिती प्वासाँचं, १८३७ चं. सूत्र एका ओळीचं: रिकाम्यांच्या प्रमाणाचा नैसर्गिक लॉग घ्या, उणे चिन्ह काढा, झाली दर कटोरीची सरासरी. खलास.

ही युक्ती पीसीआरला १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या संशोधकांनी लावली, रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी मोजण्यासाठी. १९९९ मध्ये अमेरिकेत बर्ट फोगेलस्टाइन आणि केनेथ किंझलर यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातला बदललेला जनुक शोधताना तिला 'डिजिटल पीसीआर' हे नाव दिलं. त्यांच्या कटोऱ्या म्हणजे प्लेटमधले ३८४ खळगे. २०११ च्या सुमारास तेलात पाण्याचे थेंब करणारी यंत्रं बाजारात आली आणि खळग्यांचे झाले वीस हजार थेंब. प्रत्येक थेंब एक नॅनोलिटरच्या आसपास, म्हणजे एका मिलिलिटरचा दहा लाखावा भाग. प्रत्येक थेंबात स्वतंत्र पीसीआर. शेवटी थेंब एकेक करून प्रकाशासमोरून जातात: चमकला तर एक, नाही तर शून्य. फेऱ्यांचा वेग जरा मंदावला तरी फरक पडत नाही, कारण थेंब उशिरा चमकला तरी चमकतोच.

आता प्रत्यक्ष हिशोब. २०,००० थेंबांत प्रत्येक कापसात असणाऱ्या एखाद्या जनुकाचा प्रश्न विचारला, १०,००० थेंब चमकले. सूत्रात घाला, १३,८६३ प्रती. मॉन-५३१ चा प्रश्न विचारला, २,००० चमकले, म्हणजे २,१०७ प्रती. प्रमाण १५.२ टक्के. नुसता चमकलेल्यांचा भागाकार केला असता तर २० टक्के आलं असतं. कटोरीत दोन दाणे पडतात हे विसरल्याचा दंड!

आणि आता सुरुवातीचा राहिलेला हिशोब. ढिगातल्या सगळ्या सरकीत जनुक का नाही? पुष्कळ संकरित बीटी वाणांत जनुक आई-बाप यांपैकी एकाकडूनच आलेला असतो. म्हणजे पाकिटातल्या बियाच्या झाडात त्याची एकच प्रत. त्या झाडाच्या बोंडातली सरकी ही त्याची पुढची पिढी, आणि मेंडेलचा नियम सांगतो की तिच्यात एक चतुर्थांश दाण्यांत दोन प्रती, अर्ध्यांत एक, आणि एक चतुर्थांश दाण्यांत एकही नाही. शंभर टक्के बीटी लावलेल्या शेतात चारातली एक सरकी त्या जनुकापुरती साधीच! हा नुसता गमतीचा आकडा नाही. एकाच झाडावर विष असलेले आणि नसलेले दाणे मिळाले की सरकी खाणाऱ्या गुलाबी बोंडअळीला प्रतिकार शिकायची शाळाच मिळते, असं कापूस शास्त्रज्ञ सांगतात. २०१७ मध्ये मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने काय केलं ते परभणीकरांना सांगायला नको.

ताटातलं किती?

शेतातून आता ताटाकडे. अन्नातल्या जीएमची पहिली मोठी झोड उठली अमेरिकेत, सप्टेंबर २००० मध्ये. स्टारलिंक नावाचा मका फक्त जनावरांसाठी मान्य होता आणि पीसीआरने तो दुकानातल्या टाको कवचांत सापडला. माल परत घ्यावा लागला. युरोपने २००३ च्या कायद्यात ०.९ टक्के ही रेघ ओढली: एखाद्या घटकात मान्य जीएम नकळत त्याहून कमी असेल तर लेबल नको, जास्त असेल तर हवं. अशी रेघ आली की 'आहे का' पुरत नाही, 'किती' मोजावंच लागतं. वरच्या उदाहरणात ०.९ टक्के म्हणजे २०,००० पैकी जेमतेम १२५ चमकते थेंब. एवढ्या थोड्यातही मोजता येणं हीच डिजिटल पीसीआरची ताकद.

भारतात १ जानेवारी २०१३ पासून जीएम असलेल्या पाकीटबंद अन्नावर तसं लिहिण्याचा नियम आला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मार्च २०२१ पासून आयात होणाऱ्या २४ पिकांसाठी जीएम नसल्याचा दाखला मागितला आणि नकळत मिसळीला १ टक्क्याची मर्यादा ठेवली. पण बाहेरून येणाऱ्यावर नजर आणि घरातल्याचं काय? २०१८ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने ६५ खाद्यपदार्थ तपासले. २१ मध्ये जीएम सापडलं. ३५ परदेशी नमुन्यांपैकी १६, आणि ३० देशी नमुन्यांपैकी ५. देशी नमुन्यांत काय निघालं असेल? सरकीचं तेल!

उलट बाजूही आहे. जून २०२१ मध्ये भारतातून गेलेल्या तुकडा तांदळात जीएम सापडल्याची तक्रार फ्रान्समधून आली. भारतात जीएम तांदळाला व्यापारी परवानगीच नाही, त्यामुळे इथे रेघ ०.९ ची नव्हे, शून्याची. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सोयाबीन दहा हजारांवर गेलं असताना, केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. परभणीच्या सोयाबीनवाल्याचा माल जीएम नाही, पण तसा वेगळा भाव त्याला मिळत नाही. कोणी मोजून, दाखला देऊन विकला तर कदाचित मिळेल. मोजणी म्हणजे फक्त पोलिसी नव्हे, ती बाजारातली पतही असते.

यंत्राला न कळणाऱ्या गोष्टी

यंत्राचं कौतुक पुरे, आता मर्यादा. पहिली, रिफाइंड तेल. शुद्ध करताना डीएनए जवळजवळ निघून जातो, कच्च्या तेलात थोडा सापडतो. थेंब वीस हजार असोत की वीस लाख, नमुन्यात डीएनएच नसेल तर मोजणार काय? तेलाचा दाखला सरकीच्या पोत्यावरच घ्यायला हवा.

दुसरी, मूठ. यंत्र मोजतं ते तुम्ही दिलेल्या नमुन्यातलं, ट्रकमधलं नव्हे. १ टक्का भेसळ ९५ टक्के खात्रीने एकदा तरी पकडायची तर किमान ३०० दाणे घ्यावे लागतात, ०.१ टक्क्यासाठी ३,०००. आणि तेही पोत्याच्या तोंडाशी नाही, सगळीकडून. लाखोंचं यंत्र आणि वरवरची मूठ, हा आपला नेहमीचा घोटाळा.

तिसरी, प्रश्नच माहीत नसेल तर? मान्यता नसलेला तणनाशक सहन करणारा कापूस गेली काही वर्षं महाराष्ट्रात सर्रास पेरला जातो. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने तो उघड पेरून दाखवला. तो ओळखायला वेगळा प्रायमर लागतो, नुसत्या बीटीच्या पट्टीला तो इतर बीटीसारखाच दिसतो. मे २०२५ मध्ये जनुक संपादित तांदळाचे दोन वाण देशात जाहीर झाले. त्यांत बाहेरचा जनुकच नाही, स्वतःच्याच डीएनएत बारीक बदल आहे. तिथे ३५-एस विचारून काही हाती लागणार नाही. बदल नेमका कुठे केला ते जाहीर असेल तरच यंत्राला विचारता येईल.

थोडक्यात काय, तर यंत्र दरवर्षी हुशार होतंय, पण ते विचारल्याशिवाय बोलत नाही. नांदेड-४४ च्या बाबतीत यंत्र होतं, माणसं होती, फक्त प्रश्न उशिरा आला.

अलीकडच्या वर्षांत परभणी विद्यापीठाच्या त्याच नांदेड केंद्राने एनएच-१९०१ बीटी, एनएच-१९०२ बीटी आणि एनएच-१९०४ बीटी हे सरळ वाण दिले आहेत. सरळ, म्हणजे घरचं बियाणं ठेवता येईल असे. सरळ वाणात जनुकाच्या दोन्ही प्रती असतात, त्यामुळे इथे सरकीचा दाणा नि दाणा बीटी असायला हवा आणि इव्हेंटच्या प्रतींचं कापसाच्या प्रतींशी प्रमाण एकास एक यायला हवं. ते ०.९ आलं, ०.८ आलं, की समजायचं मिसळ सुरू झाली. दरवर्षी प्रत्येक बियाणे प्लॉटची अशी मोजणी करून आकडा पोत्यावर छापला तर? शेतकऱ्याला प्वासाँ माहीत असायची गरज नाही, आकडा वाचता आला की झालं. २००९ मध्ये जे निसटलं ते दुसऱ्यांदा निसटू नये, एवढी तरी अपेक्षा परभणीकरांनी आपल्या विद्यापीठाकडून करायला हरकत नसावी.